उशाला दिलेला हात

माझा नवरा मोठ्या दवाखान्याच्या मुडदाघरात कामाला आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी चहा घेत बसलं असेल तर कप खाली ठेवायला मोकळं. लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि तेवढ्यात मी असे पुष्कळ कप खाली ठेवलेले पाहिले. न्हावी ह्यांना सगळ्यांत शेवटी घेतो. बाकावर जाऊन बसले की शेजारचा माणूस उठतो आणि म्हणतो, बसून बसून पाठ अवघडली. हे काही बोलत नाहीत. घरी येतात, साबणानं कोपरापर्यंत हात धुतात आणि आईच्या पायाशी जाऊन बसतात. बोलायचं सगळं माझ्याकडे शिल्लक राहतं.

दवाखान्यात ह्यांना सगळे घड्याळ म्हणतात. मनगटाला घड्याळ नाही, पण मेलेल्या माणसाला हात लावून हे सांगतात, याला जाऊन किती वेळ झाला. डॉक्टर काचेची नळी लावून अंगातली ऊब मोजतात, कागदावर आकडेमोड करतात आणि मग हळूच विचारतात, "घड्याळ, तुम्हाला काय वाटतं?" ह्यांना वाटतं ते आणि कागदावरचं बहुतेक वेळा जुळतं. नाही जुळलं तर डॉक्टर पुन्हा मोजतात.

एकदा एक बडी असामी फळांची पाटी घेऊन घरी आली होती. त्यांच्या घरातला कोणी गेला होता, तो दोन तास उशिरा गेला असं ह्यांनी सांगायला हवं होतं. हे म्हणाले, "हात सांगतो तेवढंच मी सांगतो. त्यात माझं काही नाही." आणि पाटी परत. मी आठवडाभर बोलत होते, की खरं ते बोला, पण फळं तरी ठेवून घ्यायची होती. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "तू त्याच्या जागी असतीस तर लोकांना मरायच्या आधीच वेळ विकली असतीस."

सासूला मी आत्या म्हणायचे. ऐंशी वर्षांच्या. दात गेले, पण जिभेची धार होती तशीच. त्या तिखट, मी त्यांच्याहून तिखट, आणि मध्ये हे एकटे गोड. आमची भांडणं ऐकायला शेजारीण भिंतीला कान लावून बसायची. मुलगी सासरी गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, मग भांडायला दुसरं होतं तरी कोण? आत्यांचं एक आवडतं बोलणं होतं. हे कामावरून आले की म्हणायच्या, "मी मेले की आधी हात शेकून घे, मग मला लाव. तुझे हात मेल्याहून गार."

त्या हिवाळ्यात थंडीनं कहर केला. बटाट्याची पानं एका रात्रीत काळी पडली, तशी बागायतदारानं घाई लावली. जमिनीतला माल गारठायच्या आत बाहेर काढायचा होता. मुकादमानं सगळ्या बायकांना बजावून ठेवलं, उजाडायच्या आत वावरात हजर पाहिजे, जी एक दिवस चुकेल तिच्या जागी दुसरी येईल. दिवसभर ओल्या मातीत गुडघे टेकून बसायचं. कुदळीनं सरी उकरायची, हातानं बटाटे वेचायचे. बोटांना भेगा पडल्या, त्यांत माती भरली. संध्याकाळी चुलीपुढे हात धरले की बोटं ठणकायला लागायची, तेव्हा कळायचं की ती अजून आपलीच आहेत.

त्यात ह्यांची रात्रपाळी सुरू झाली. आत्यांना थंडी सोसत नव्हती. मग आम्ही दोघी एकाच खाटेवर झोपायला लागलो. दोन गोधड्या वर, आणि पायाशी चुलीत तापवलेली वीट, चिंध्यांत गुंडाळून. त्यांना उशी चालायची नाही, मान लचकते म्हणायच्या. मानेखाली माझा उजवा हात लागायचा. दिवसा माझं तोंड बघवत नव्हतं त्यांना, आणि रात्री हात सोडवत नव्हता.

त्या दिवशी पाचला मला जाग आली. हात पार बधिर झाला होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. हळूच ओढून घेतला. मान जड लागली, पण झोपलेल्या माणसाची मान जडच असते. चूल पेटवली, चहा टाकला, त्याच आचेवर वीट तापवली. साडेपाचला ती पुन्हा चिंध्यांत गुंडाळून आत्यांच्या पायाशी सरकवली. गोधडी डोक्यावरून नीट ओढली आणि म्हणाले, "आत्या, येते मी. दूध शेजारीण आणून देईल. उगाच तिच्याशी वाद घालू नका." उत्तर आलं नाही. मला बरंच वाटलं, एक वाद वाचला म्हणून. दार ओढून घेतलं आणि निघाले.

दहाच्या सुमारास शेजारणीचा नवरा सायकलवरून वावरात आला. बांधावर उभा राहून नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. मी उठले, तर गुडघे चटकन सरळ होईनात. मुकादम म्हणाला, "कुठं निघालीस?" मी म्हटलं, "सासू गेली माझी." तो म्हणाला, "कुदळ इथं ठेवून जा." मी कुदळ त्याच्या पायाशी ठेवली. सगळ्या बायका बघत होत्या.

घरी पोचले तर वन्सं खाटेशी बसलेल्या. ह्यांची थोरली बहीण. पलीकडच्या वस्तीवर दिलेली, चालत वीस मिनिटांवर. त्यांनी माझ्याकडे वर मान करून पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं का काम तुझं?"

पुढे होऊन आत्यांच्या तोंडावरची गोधडी बाजूला करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"तू हात लावू नकोस. मी घालीन आईला अंघोळ. जित्तेपणी घोटभर पाणी द्यायला नव्हतीस, आता कशाला?"

शेजारीण दारातच उभी होती. तिनं सगळं पुन्हा एकदा सांगितलं. साडेनऊला दूध घेऊन आली, हाक मारली, आत्या बोलल्या नाहीत. पाय चाचपले तर ऊन होते, चांगले ऊन. धावत जाऊन वन्संना आणलं. त्यांनीही पाय धरले, तेव्हाही ऊनच. तोंड गार होतं, पण या थंडीत कुणाचं तोंड ऊन असतं? पाणी घालायला गेल्या तर तोंड उघडेना.

"दातखीळ बसली होती," वन्सं म्हणाल्या. "रागानं. एवढी म्हातारी बाई, घरात चिटपाखरू नाही, जीव जाताना हाक मारली असेल. कोण येणार? जबडा आवळून गेली माझी आई. नऊ वाजेपर्यंत होती ती. तू घरी असतीस तर तिच्या तोंडात पाणी पडलं असतं."

मी खाली भिंतीला टेकून बसले. त्यांना उलट बोलायला माझ्याकडे शब्द होते, शब्दांचा मला कधी तुटवडा पडला नाही. पण मनात तेच चाललं होतं. पाचला मी हात ओढून घेतला तेव्हा त्या जाग्या असतील तर? मी 'येते' म्हटलं तेव्हा बोलायची ताकद नसेल तर? मी वाद वाचला म्हणून खूश झाले आणि त्या गोधडीखाली चार तास वाट बघत पडल्या असतील तर? ही एवढी एक गोष्ट खरी निघाली तर मला पुढे जगता येणार नव्हतं. वन्सं काय म्हणतील ते म्हणोत.

आणि हे येणार होते. हे आले की हात लावणार, आणि हात सांगेल तेवढंच बोलणार. माझ्यासाठी म्हणून एका मिनिटाचं खोटं बोलणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, यांनी जरा खोटं बोलायला शिकायला हवं होतं.

अकराला सायकल दाराशी वाजली. आठलाच सुटायचे, पण तिकडे कुणाचं तरी काम आलं होतं. शेजारणीच्या नवऱ्यानं वाटेत गाठून सांगितलं होतं. हे आत आले, आईकडे पाहिलं, आणि मोरीत गेले. कोपरापर्यंत हात धुतले. मग चुलीपाशी बसले आणि निखाऱ्यांवर हात धरले. बराच वेळ धरले. पालथे, उताणे, पुन्हा पालथे. मला तेव्हा रडू फुटलं.

वन्सं म्हणाल्या, "आता काय शेकतोस? आत्ता नऊला गेली ती. माझ्या हाताला पाय ऊन लागले."

"बघतो," हे म्हणाले.

खाटेशी गुडघ्यावर बसले. गोधडी काढली. दवाखान्यात हे कसं करतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. आधी गालावरून हात फिरवला, मग हनुवटी धरून हळूच हलवून पाहिली. हलली नाही. मान पाहिली. मग खांदा, कोपर, मनगट, एकेक बोट. मग गुडघे. आत्या उताण्या होत्या, गुडघे जरा वर घेतलेले. गोधडी काढली तरी ते तसेच राहिले. हे हाताला लागेल ते मनात मांडून ठेवत होते, तोंडावर काही नव्हतं.

पायाशी आले आणि थांबले.

"वीट कुणी ठेवली?"

"मी," मी म्हटलं. "निघताना."

"तापवून?"

"हो. साडेपाचला."

त्यांनी चिंध्यांतली वीट बाहेर काढली आणि वन्संच्या हातात दिली. अजून कोमट होती. मग त्यांचा दुसरा हात धरून आत्यांच्या पावलावर ठेवला, तिथून पिंढरीवर, गुडघ्यावर, मांडीवर.

"ताई, पाय ऊन आहेत ते विटेचे. आईची ऊब असती तर वर गेलीस तशी वाढायला पाहिजे होती. पोटाशी शेवटपर्यंत राहते ती. इथं उलटं आहे."

"पण दातखीळ?"

"दातखीळ नाही. माणूस गेला की आधी सैल पडतो, मग दोन-तीन तासांनी ताठायला लागतो. जबडा पहिला, मग मान, मग हात, पाय शेवटी. हिचे पायसुद्धा ताठलेत. नऊला गेली असती तर तू आलीस तेव्हा तोंड उघडलं असतं. राग-बिग काही नाही, ताई. सगळ्यांचं असंच होतं. चांगल्या माणसांचंही आणि वाइटांचंही."

वन्संनी वीट खाली ठेवली. म्हणाल्या, "तू बायकोला वाचवतोयस."

मला वाटलं आता हे चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, "मग माझं ऐकू नकोस. तू बघ." आणि आत्यांना हळूच कुशीवर वळवलं, पाठीवरचा कपडा सरकवला.

पाठ जांभळी-लाल झाली होती. खांद्याची हाडं आणि कमरेखालचा भाग जिथं खाटेला टेकत होता, तेवढा फक्त पांढरा. शेजारीण दारातून मागे सरली. मीही तोंडावर पदर धरला. वन्सं म्हणाल्या, "हे काय, मारलं की काय हिला कुणी?" आणि माझ्याकडे पाहिलं.

"रक्त आहे," हे म्हणाले. "ढकलणारं थांबलं की ते खाली उतरतं, दुसरं काय करेल? पहिल्या काही तासांत बोटानं दाबलं तर बाजूला होतं, डाग पांढरा पडतो. नंतर तिथंच बसतं. अंगठा लाव, ताई. दाब. घाबरू नकोस, आईच आहे."

वन्संनी अंगठा लावला. जोरानं दाबला, उचलला. जांभळं तसंच राहिलं. त्यांनी आणखी एकदा दाबून पाहिलं, दुसऱ्या जागी.

"सरकत नाही," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"नाही सरकणार. आठ-नऊ तास झाले. रात्री एकच्या आधी नाही गेली, तीनच्या नंतर नाही. दोन-अडीच धर."

मी हिशेब केला तो एवढाच, की दोन-अडीचला मी खाटेवर होते. पण खाटेवर असणं वेगळं आणि त्यांच्याजवळ असणं वेगळं. मी कूस बदलली असेल, पाठ केली असेल. मेल्यासारखी झोपते मी. म्हटलं, "मला काहीच कळलं नाही हो. मी शेजारी पडून होते, पाचला मानेखालचा हात ओढून घेतला, तरी मला कळलं नाही."

हे आत्यांच्या मानेवरचे केस बाजूला करून वाकून बघत होते. मग म्हणाले, "इकडे ये. हात दाखव. उजवा."

वावरात माती जाऊ नये म्हणून मी मनगटाला रुमाल बांधते. तो त्यांनी स्वतः सोडला. आत बांगड्या होत्या, सहा, काचेच्या, रोजच्या. त्यांनी माझा हात आत्यांच्या मानेमागे नेला, पण टेकवला नाही, नुसता जवळ धरला. मानेवर, सगळ्या जांभळ्यात, एक मनगटाएवढ्या रुंदीचा फिका पट्टा होता. आणि पट्ट्याच्या कडेला बारीक, वळणाच्या सहा रेघा कातडीत रुतलेल्या. मी मोजल्या. वन्संनीही मोजल्या, त्यांचे ओठ हलताना मला दिसले.

"जित्या अंगावर बांगडीचा वळ उठला तर तासाभरात भरून येतो," हे म्हणाले. "मेलेलं अंग भरून येत नाही, रुतलं ते रुतलं. तू हात काढलास पाचला, आणि हे अजून आहे. रक्त खाली उतरत होतं तेव्हा तुझा हात मध्ये होता, म्हणून तेवढी जागा कोरी राहिली. ती गेली तेव्हा तुझ्या हातावर होती. गेल्यावरही दोन-अडीच तास होती."

मी माझ्या हाताकडे बघत बसले. नखांत बटाट्याची माती होती. याच हातावर आत्या गेल्या होत्या आणि मी घोरत होते. भीती वाटायला हवी होती, कोणालाही वाटली असती. मला तर वाटत होतं, हात इतक्या लवकर काढायला नको होता. आणखी थोडा बधिर झाला असता तर काय बिघडलं असतं.

"त्यांना कळलं असेल का?" मी विचारलं. "त्रास झाला असेल?"

"ते मला माहीत नाही," हे म्हणाले. "हात इथपर्यंतच सांगतो." मग म्हणाले, "पण उठायला बघितलं असतं, तडफडली असती, तर मान हातावरून सरकली असती. सरकलेली नाही." आणि एवढं बोलून झाल्यावर त्यांनी कपाळ आईच्या खांद्याला टेकवलं आणि रडले. मुडदाघरात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण रडताना अगदी पोरासारखा रडला. मी पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही.

वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. तिकडूनच म्हणाल्या, "अकरा दिवस झाले मला येऊन. वीस मिनिटांची वाट. आज जाईन, उद्या जाईन, थंडी कमी झाली की जाईन." त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. "कुणाला तरी बोलायचं होतं मला. तू सापडलीस."

मी म्हटलं, "बोललात ते बरं झालं. आता आत्या नाहीत, माझ्याशी भांडायला कोणी तरी पाहिजेच."

त्यांनी नाक पुसलं. "पाणी तापव," म्हणाल्या. "जास्त तापव. मला एकटीला जमायचं नाही ते."

ह्यांनी बाहेर जायच्या आधी आम्हाला दाखवलं. ताठलेलं अंग ओढायचं नाही. कोमट पाण्याचा कपडा सांध्यावर ठेवायचा, चोळत चोळत सोडवायचं, सावकाश. एक गुडघा त्यांनी सरळ केला आणि दुसरा आम्हाला करायला लावला. मग बाहेर जाऊन ओट्यावर बसले. शेजारणीनं त्यांना चहा नेऊन दिला, आणि त्यांनी कप परत दिला तेव्हा तो हातात घेऊन उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते, कप खाली ठेवते का म्हणून. नाही ठेवला.

आम्ही दोघींनी आत्यांना अंघोळ घातली. मी पाणी ओतत होते, वन्सं चोळत होत्या. पाठ आली तेव्हा त्यांनी कपडा माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "मान तू धू." मी धुतली. हलक्या हातानं. त्या रेघा गेल्या नाहीत.

केस विंचरायला घेतले तेव्हा वन्संनी विचारलं, "रात्री काही बोलली का? झोपायच्या आधी? शेवटचं?"

खोटं सांगता आलं असतं. तुमची आठवण काढली, लेकीला बोलावून आण म्हणाल्या, असं काही तरी गोडसं. त्यांचे डोळे तेच मागत होते, आणि मी फळांची पाटी ठेवून घेणाऱ्यांतली. पण पुढ्यात आत्या होत्या.

"म्हणाल्या," मी म्हटलं, "सरक की जरा तिकडं, सगळी खाट काय तुझ्या बापाची आहे?"

वन्सं तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की हसता हसता फणी हातातून पडली आणि त्या माझ्या गळ्यात पडल्या.

"आईच ती," त्या म्हणाल्या. "आईच. मग सरकलीस का?"

"नाही," मी म्हटलं.